डोकं कुणापुढे ठेवायचं

१८ सप्टेंबर
दादाचा चाळिसावा जवळ आला. तो गेल्यापासून गावाला अक्सकाळ, म्हणजे निवाडे करणारा पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, नाही; भांडणं तशीच पडून आहेत. आमच्याकडे मतदान नसतं. चाळिसाव्याच्या जेवणात यजमान मेंढ्याचं डोकं ज्याच्यापुढे ठेवील तो नवा अक्सकाळ. पुतण्या मॉस्कोहून येतोय, यजमान तोच. सख्ख्या काकाला सोडून कुणापुढे ठेवणार? शिवाय मी शाळेत भूगोल शिकवलाय.
दादाची आठवण येते. ते इथे लिहीत नाही.

१९ सप्टेंबर, सकाळ
कुरणावरून भांडणारे दोघे दोलोतकडे गेले. त्याने चहा ओतला, एक शब्द बोलला नाही. दोघे हसत बाहेर आले. यात कसली अक्कल? चहा मीही ओततो. घोड्यांचा डॉक्टर होता तो. घोडे तक्रार करत नाहीत. मला हेवा वाटत नाही. फक्त त्याची दाढी जास्त पांढरी आहे. माझ्याहून जेमतेम एका हिवाळ्याने मोठा, तरी!
संकल्प: कमी बोलायचं. तसा मी कमीच बोलतो. आता मुद्दाम.

२१ सप्टेंबर
शेजारचा कुबात हरवलेल्या गायीबद्दल सांगत होता. मी गंभीरपणे मान हलवत राहिलो. जाताना त्याने झूराला विचारलं, "वहिनी, मास्तरांची दाढ दुखतेय का?"

२३ सप्टेंबर
पुतण्याचा फोन. सुट्टी मिळत नाही. तासाभरात दोलोत हजर. म्हणे, "मास्तर, जेवण माझ्या अंगणात करू. तू दुःखात आहेस, नुसता बसून राहा." वा! भाऊ माझा आणि मिरवणार हा! आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. जेवण माझ्याच घरी होणार, म्हणालो. त्याने उठून टोपी घातली. "नीट विचार कर रे," एवढंच म्हणाला.
घाबरला. आजचा दिवस माझा.

२५ सप्टेंबर
मेंढा निवडला. कपाळ रुंद आहे, शोभेल. कल्पाक टोपी घालून आरशासमोर प्रॅक्टिस केली: आधी नको नको म्हणायचं, मग दोन्ही हातांनी डोकं स्वीकारायचं. झूरा दारातून बघत होती. म्हणाली, "देतंय कोण?" म्हटलं, यजमान. "आणि यजमान कोण? जेवण कुणाच्या अंगणात?"
टोपी काढली.
म्हणाली, "मला वाटलं तुम्ही ठरवूनच केलंत. अख्खं गाव म्हणतंय, मास्तरांचं मन केवढं मोठं, दोलोतसाठी बाजूला झाले."

२६ सप्टेंबर
दोलोतकडे गेलो. जेवण तुझ्याकडेच कर म्हटलं. म्हणाला, आता आमंत्रणं गेली. चहा ओतला. प्यायलो, पण हसत बाहेर आलो नाही.
डोकं कुबातच्या म्हाताऱ्या बापापुढे ठेवलं तर? तो जेवताना झोपतो. अशक्य नाही.

२८ सप्टेंबर, संध्याकाळ
झालं. कुबातचा बाप नेमका जागा होता आणि दोलोतकडे बोट दाखवत होता. सगळं अंगण माझ्या हातातल्या ताटाकडे बघत होतं. ठेवलं दोलोतपुढे. डोक्याचं तोंड त्याच्याकडे, रीतीप्रमाणे.
त्याने सुरी घेतली, एक कान कापला आणि मला दिला. कान लहानांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. माझी दाढी पिकलीय. लोक हसले. तो वाकून हळूच म्हणाला, "तुझ्या दादाने शेवटी मला सांगितलं होतं, डोकं माझ्या धाकट्या भावापुढे ठेवायचं. म्हणून तर म्हणत होतो, माझ्या अंगणात कर."
दादा प्रत्येक मेजवानीत कान मलाच द्यायचा.
तोंडात टाकला. मीठ कमी होतं. तक्रार कुणाकडे करणार, यजमान मीच.