घरच्यावानी

उस्तादजी,

तुमच्याकडं शिकलेल्या उर्दूत मी बोललो की औरंगाबादच्या अदालतीत मुन्सफसाहेब टाक खाली ठेवून ऐकायचे. आता निजामशाही गेली, निवडणूक आली आणि काल वैजापूरच्या सभेत मराठीत बोलावं लागलं. माझी मराठी आईच्या चुलीपुढची. विहीर कुठं, रस्ता कुठून, एवढं सांगून बसलो. समोरचा उमेदवार तासभर 'स्वातंत्र्यसूर्याचा अरुणोदय' करत राहिला. काम एकही सांगितलं नाही आणि टाळ्या थांबेनात.

खाली उतरलो तर सोनाजी धनगर म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचं समदं समजलं. लई घरच्यावानी बोलता. पण मत पुढाऱ्याला द्यायचं असतंय."

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे धाडणार नाही. पण सराव मी कायम तुमच्यासमोरच केलाय.

तुमचा शागीर्द,
त्रिंबक