ट्रम्पेट कोणाचा?

बाबा,

तुम्हाला नमस्कार लिहायलासुद्धा मला तोंड नाही.

गेल्या रविवारी माझ्या रेडिओवरच्या कार्यक्रमात मी तुमच्या हॉटेलातल्या बँडची रेकॉर्ड लावली. नाचावंसं वाटेल असा जॅझ मी श्रोत्यांना ऐकवते, आणि त्यातली माझी सगळ्यात लाडकी रेकॉर्ड तीच. तुमचा ट्रम्पेट सुरू झाला तसे काचेपलीकडचे आमचे तंत्रज्ञ चक्क खुर्चीत बसल्या बसल्या नाचायला लागले. लगेच फोन आला, "ताई, हा ट्रम्पेट कोणाचा हो?"

मी म्हणाले, "कव्हरवर नाव नाहीये. कोण कुणास ठाऊक!"

माझे वडील बँकेत होते, असं मी इथे वीस वर्षं सांगत आलेय. लोकांना नाचवणारा बाप मला शाळेतसुद्धा नको होता.

बुधवारी पोस्टकार्ड आलं. "तो ट्रम्पेट पुन्हा ऐकवा. गुडघे दुखतात, तरी नाचलो." अक्षर तुमचं, मी ओळखणार नाही होय? खाली नावाच्या जागी लिहिलं होतं, 'एक श्रोता'.

आज कार्यक्रमात मी ते जसंच्या तसं वाचलं. 'एक श्रोता'.

तुम्ही माझी लाज राखलीत, बाबा. आणि मी ती राखू दिली.

पाकिटावर तुमचं नाव घालायचं धाडस नसलेली,
तुमची लेक