सातारा घेऊन जाय गे मारबत

अण्णा, आई गेल्यावर मी तुमचा पितळी डबा मोडीत घालायला इतवारीच्या बाजारात नेला. बरोबर दोन पातेली आणि एक परात होती. डब्यावर तुमचं नाव आहे आणि खाली 'सातारा'. आजोबांनी ते तुमच्या लग्नात घालून घेतलं होतं. त्या डब्यामुळे जे कळलं ते तुम्हाला कळवावं असं वाटलं. कळवणं हा शब्द बरोबर नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हाला.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा तुमची साताऱ्याहून इकडे बदली झाली. मी आठ वर्षांची. धरमपेठेतल्या दोन खोल्यांत सामान उतरलं आणि तुम्ही उंबऱ्यातूनच आईला म्हणालात, "वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. फार पसरू नकोस." म्हणून मोठी ट्रंक उघडली गेली नाही. तिच्यावर चादर घालून आम्ही तिचा बाक केला. तुळस तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली. गोडा मसाला साताऱ्याहून पार्सलनं येत असे आणि तो संपत आला की आई आमटी पातळ करत असे. इथल्या दुकानातला आणायचा नाही, हे ठरलेलं होतं. भाद्रपदात आमच्याकडे खड्यांच्या गौरी यायच्या. शेजारच्या काकूंकडे महालक्ष्म्या उभ्या राहायच्या, माणसाएवढ्या, खऱ्या शालूत, पुढ्यात सोळा भाज्या आणि आंबील. आई हळदीकुंकवाला जाऊन आली की खालच्या आवाजात मला सगळं सांगत असे. तुम्ही वर्तमानपत्राआडून विचारता, "आंबील घेतलीस?" ती म्हणते, "तीर्थासारखी." "बरं. पुरे तेवढं." मग ती सांगायची थांबते.

एका हिवाळ्यात काकूंनी तिला सांबारवडी शिकवली. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बेसनाच्या पातळ पारीत कोथिंबीर, खसखस, खोबरं, तीळ भरून तिची घट्ट पुडी करायची आणि तळायची. पारी फाटली की सारण तेलात जातं आणि सगळा घाणा काळा होतो. आईचे पहिले तीन घाणे काळे झाले. काकू पाटावर बसून हसत होत्या. "अवं, लेकराले दुपट्ट्यात गुंडाळते ना, तशी गुंडाळ. मारून टाकशील का त्याले?" आईही हसली. मी तिला त्या स्वयंपाकघरात तोंड उघडं टाकून हसताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी. संध्याकाळी तिनं तुमच्या ताटात दोन वड्या वाढल्या, बाजूला कढी. तुम्ही बोटानं ताट पुढे सरकवलंत. रागानं नाही, अगदी सावकाश. "हे आपल्यात करत नाहीत," म्हणालात. तिनं वड्या उचलल्या आणि तुम्हाला दहीभात दिला. दुसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीवरून विचारलं, "काहून वं, साहेबांले आवडली का नाही?" आई म्हणाली, "आवडली. पण त्यांना तळलेलं सोसत नाही." त्यानंतर तिनं ती वडी कधी केली नाही. कोथिंबिरीची जुडी विकायला आली की ती पानं न्याहाळत असे आणि एवढीशी घेत असे, आमटीवर पेरण्यापुरती.

त्याच वर्षी, आठ वर्षांची असताना, मी बैल मागितला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं मुलांचा पोळा असतो, तान्हा पोळा. लाकडाचे बैल, त्यांना चाकं, पाठीवर झूल, शिंगांना बेगड. मुलं ते दोरीनं ओढत घरोघर जातात आणि प्रत्येक घरी त्यांच्या हातावर काहीतरी ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. काकूंच्या मुलाचा बैल त्याच्या आजोबांच्या वेळचा होता, तेल पिऊन काळा झालेला. मी तुम्हाला म्हटलं, मला पण एक आणा. तुम्ही डबा पिशवीत ठेवत होता. म्हणालात, "मुली बैल घेऊन फिरत नाहीत. आणि हे आपलं नाही." मग आईकडे वळून, "दार लावून घे. ही पोरं आता मागत हिंडतील." आणि तुम्ही सायकल काढलीत. त्या दिवशी कचेरीला सुट्टी असते. तुम्ही म्हणायचात, कचेरी बंद असली की काम उरकतं. रविवारीही तसंच. आम्ही दार लावून बसलो. चाकांचा आवाज दारापाशी येऊन थांबत असे आणि पुढे जात असे. आई माझ्या वेण्या सोडून पुन्हा घालत राहिली.

डबा मात्र नेहमी पुसून यायचा. घडीच्या पोळ्या, दाण्याची चटणी, कधी मेतकूट. तळाला कण उरलेला नसे. आई तो उघडून पाहत असे, रिकामा असणार हे माहीत असूनही, आणि म्हणत असे, "बोलत नाहीत, पण डबा चाटूनपुसून खातात." तिला तेवढं पुरत असे. मी मोठी झाले, साहित्य शिकले, आणि तुमच्याविषयी एक समजूत तयार केली. या माणसाचं मूळ तुटलंय, म्हणून तो हट्टानं जुनं धरून बसलाय, असं मी मानलं. मला ती समजूत आवडत असे. तिच्यामुळे तुम्ही मोठे दिसत होता. आईनं एखादे वेळी कुरकुर केली तर मी तिलाच सांगत असे, "त्यांना साताऱ्याची आठवण येते गं." ती म्हणायची, "आठवण मलाही येते. मी कुणाची दारं लावत नाही." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं.

तुम्ही निवृत्तीच्या आधीच गेलात. अस्थी माहुलीच्या संगमावर सोडा, असं सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघी कलश घेऊन निघालो. आईला गाडी लागत असे. ती सबंध रस्ता खिडकीच्या गजावर कपाळ टेकून बसली, कलश मांडीवर. साताऱ्यात कोणी ओळखीचं उरलं नव्हतं. धर्मशाळेत उतरलो, अस्थी सोडल्या, परत आलो. घरी आल्यावर तिनं ट्रंक उघडली. आतल्या गाद्यांना कसर लागली होती. तिनं त्या बाहेर टाकल्या.

आणि ती गेल्यावर मी इतवारीतल्या भांडेबाजारात, एका दुकानाच्या पायरीवर. दुकानदार पातेली तराजूत टाकतो. गादीवर माझ्याच वयाची एक बाई बसलेली, त्याची बायको. ती उठते आणि त्याच्या हातातून डबा घेते.

"थांबा जी, हा नका टाकू." मग माझ्याकडे, "ताई, हा डबा कोणाचा?"

"माझ्या वडिलांचा."

"साताऱ्याचे साहेब?" तिनं डबा छातीशी धरला. "अवं माय! तुम्ही त्यांची पोरगी? काय उभ्या राहून राहिल्या, बसा ना. नाक तर तेच आहे."

तिचे वडील कचेरीत तुमच्या शेजारच्या टेबलावर होते. भिवापूरकडचे, घरची शेती असलेले. मला ते आठवले. ते एकदा मिरच्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले होते. तुम्ही फाटकाशीच बोललात, त्यांना आत बोलावलं नाहीत. पिशवी भांडीवालीला देऊन टाकायला सांगितलीत, नुसता जाळ आहे म्हणालात. भांडीवालीनं पिशवीत नाक घालून वास घेतला आणि म्हणाली, "बाई, असं कोणी देते का?"

दुकानामागच्या गल्लीत या बाईचं माहेर. आता तिथं तिचा भाऊ राहतो. तिनं मला तिकडे नेलं, चटईवर बसवलं आणि सांगत सुटली. तिला वाटत होतं, मला आनंद होईल.

"दर रविवारी येत. मारबतीच्या दिवशी तर सकाळपासूनच. माय म्हणे, आला पाहा साताऱ्याचा पाहुणा, कढई चढवा."

"काय खात असत?"

"काय नाही खात, ते विचारा! पाटवडीचा रस्सा, नाकाडोळ्यातून पाणी, पण वाटी पुढेच. वडाभात. अन् सांबारवडी तर इतकी खात, का माय म्हणे, साहेब, घरी जेवाचं नाही का? ते म्हणत, घरी जेवण असते, वडी नसते."

"आणि डबा?"

"डबा माझा! तुमच्या आईच्या पोळीले काय पदर राहत हो ताई. मी अन् माझे बाबा भांडत होतो त्याच्यासाठी. मग माय घासूनपुसून परत देत होती."

ती मला गच्चीवर घेऊन गेली. खाली अरुंद रस्ता, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या रस्त्यानं मारबतीची मिरवणूक जाते. काळी मारबत, पिवळी मारबत, कागदाकामट्यांची मोठाली सोंगं. लोक आपापली पीडा ओरडून सांगतात, घेऊन जाय गे मारबत. आणि गावाबाहेर नेऊन ती जाळतात. "इथं उभे राहत तुमचे बाबूजी," ती म्हणाली. "सारे ओरडत, खोकला घेऊन जाय, महागाई घेऊन जाय. अन् ते काय ओरडत माहीत आहे? सातारा घेऊन जाय गे मारबत! आम्ही हसून हसून खाली बसत होतो. दर वर्षी तेच."

मग तिनं बैल दाखवला. फडताळातून काढला, पदरानं पुसला. हातभर लांब, सागवानी, शिंगांवर जुन्या बेगडीचे तुकडे. "मी रडली होती, पोरी बैल नाही नेत म्हणून बाबा आणत नव्हते. तुमचे बाबूजी उठले, लकडगंजात सुताराकडे गेले अन् हा घेऊन आले. माझ्या बाबाले म्हणाले, काहून नाही नेत? ही नेईल. मले सांगितलं, वर्षातून एकदा तेल लाव बेटा, नाही तर तडकते." कधीची गोष्ट, असं मी विचारलं. ती शाळेत कितवीत होती ते तिनं सांगितलं. मीही तेव्हा त्याच इयत्तेत होते.

"माय कितीदा म्हणे त्यांले, बायकोले, पोरीले घेऊन या एक दिवस. ते म्हणत, तिले इथलं काही चालत नाही, लई कडक आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरंच का ताई, आई लई कडक होत्या?"

"आईला सांबारवडी येत होती," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाटावं तरी का?

अण्णा, तुम्ही कुणाच्या घरी जेवलात, याचा मला राग नाही. तुम्ही या गावात हसत होता. तुम्हाला इथली बोली येत होती. मी एकदा घरात 'मले' म्हणाले तेव्हा तुम्ही मला चूळ भरून यायला सांगितलं होतं. साताऱ्याचा तुम्हाला एवढा वीट आला होता, तर तो आमच्या गळ्यात का बांधून ठेवलात? मी उत्तरं शोधली. घरी तुम्हाला कर्ता पुरुष असावं लागत होतं आणि तिथं नुसता पाहुणा, असं म्हणून पाहिलं. आम्ही इथं रुजलो असतो तर तुम्हाला पळून जायला जागा उरली नसती, असंही म्हणून पाहिलं. दोन्ही वाक्यं चांगली आहेत. मी शिकवते त्या वर्गात ती चालतील. पण तुम्ही आईचं नाव पुढे केलंत. ती दार लावून तुमच्या हुकमाचं पालन करत होती, आणि तिकडे तुम्ही त्या चटईवर बसून सांगत होता की दार तिनंच लावलंय. त्या घरातली माणसं तिच्या हातच्या पोळ्या भांडून खात होती आणि तिला कडक म्हणत होती. पोळ्यांची ती तारीफ तुम्ही एकदाही घरी आणली नाहीत. डबा रिकामा आणलात, पुसलेला. तो उघडून तिला वाटायचं ते तुम्हाला दिसत होतं. तुम्ही तिथंच उभे असायचात, सायकलची क्लिप काढत.

निघताना त्या बाईनं बैल माझ्यापुढे धरला. "घेऊन जा ताई, तुमच्याच बाबूजींचा आहे." मी म्हटलं, तो तुमचा आहे. ते खरंच होतं. डबा मी मोडीत घातला नाही, तिलाही दिला नाही.

यंदा मारबतीला मी इतवारीत जाऊन उभी राहिले. पहिल्यांदाच. इथवर लिहिलेला हा कागद पर्समध्ये होता. मारबतीच्या अंगावर लोक वाटेल ते टाकतात, हाही टाकता आला असता. तुमच्यापर्यंत जाणारं टपाल दुसरं नाही. टाकला नाही. ती पीडा घेऊन जाते. हे जळून जावं असं मला वाटत नाही. आजूबाजूला सगळे ओरडत होते.

एक सांगायचं राहिलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी लकडगंजात गेले होते. सुतारानं दोन-तीन बैल पुढे मांडले आणि विचारलं, "लेकरू केवढं आहे, बाई? त्या मापाचा देतो." माझं लग्न झालेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "मुलगी आहे. आठ वर्षांची."