गुहेत मीच गेले होते

प्रिय विजू,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण लिहिलं कधीच नाही. लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं, आणि तेच मी टाळत होते. परवा बुधवारी ते टाळणं संपलं. म्हणून आज शाळेतून आले आणि चहासुद्धा न ठेवता लिहायला बसले.

आधी रविवारचं सांगते. हिंजवडीला तुमच्या घरी जेवायला गेले होते. तुझी सई चौदा वर्षांची झाली. उंची तुझी, हट्टही तुझाच! तिच्या पोहण्याच्या क्लासमधल्या मुली सुट्टीत समुद्रात डायव्हिंग शिकायला जाणार आहेत. तिलाही जायचंय. रूपालीने वाढता वाढताच नाही म्हटलं. सई हटेना, तेव्हा म्हणाली, "तुझ्या बाबांनी आत्याला असंच पाण्याखाली नेलं होतं. गुहेत घातलं होतं. मरता मरता वाचली ती. ताई, तुम्हीच सांगा हो तिला."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. आणि मी काय म्हणाले असेन? "आई बरोबर सांगतेय."

"बाबा इतके बेजबाबदार होते?" सईने विचारलं.

मी खाली मान घालून भात कालवत राहिले, विजू.

तुम्ही पुण्याला परत यायच्या आधी मी आईला घेऊन तुझ्याकडे न्यूझीलंडला आले होते, त्याला सहा वर्षं झाली. पन्नाशीच्या बहिणीला डायव्हिंग शिकवायचंच, असा तू चंग बांधला होतास. चार दिवसांचा कोर्स करायला लावलास. आपल्या गावच्या, लोणीच्या विहिरीत कमरेला दोर बांधून तुला पोहायला मी शिकवलं होतं ना, त्याची परतफेड म्हणालास! तो जाड रबरी सूट माझ्या अंगात चढेना, तेव्हा बोटीवर किती हसलो होतो आपण. कात्रजच्या शाळेत ज्या गणिताच्या बाईंना मुलं टरकतात, त्या बाई सूटमध्ये अडकून आडव्या पडल्या होत्या!

खाली गेल्यावर मात्र मी सगळं विसरले. गार, हिरवट पाणी. काळे खडक, आणि त्यांच्यावर पुरुषभर उंचीचं शेवाळ, आपल्या उसाच्या फडासारखं डोलणारं. खडकांत लहान लहान गुहा. तू पाण्यात शिरायच्या आधीच बजावलं होतंस, "तायडे, गुहेच्या तोंडाशी थांबायचं. बाहेरूनच टॉर्च मारून बघायचं. आत जायचं नाही." खालीही तू पंजा दाखवून मला थांबवलंस.

मी का गेले आत? इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा सांगत आले की, मासा दिसला म्हणून. खोटं आहे ते. तू थांब म्हणालास म्हणून गेले. ज्याला मी हात धरून पाण्यात उतरवलं, तो मला थांब म्हणतो? एवढंच होतं, विजू. बस, एवढंच.

तू शेवाळात अडकलेला कुणाचा तरी टॉर्च सोडवायला जरा वर गेलास आणि मी आत शिरले. दोन हात मारले असतील नसतील, माझ्याच पायांनी तळाचा गाळ उठला. काही दिसेना. वळायला गेले तर डोकं खडकावर आपटलं आणि तोंडातली हवेची नळी सुटली. ती कुठे लोंबतेय तेही कळेना. मग कुणीतरी माझा दंड धरला आणि तुझी जादा नळी माझ्या तोंडात घातली.

पाण्यात खाली जाताना नाक दाबून हळूहळू कान मोकळे करायचे, हे मला तूच शिकवलंस. त्या दिवशी तू ते केलं नाहीस. मला आत शिरताना पाहिलंस आणि सरळ झेपावलास. उजवा कान कायमचा गेला. डॉक्टरांनी पुन्हा पाण्याखाली जायचं नाही म्हणून सांगितलं.

बोटीवर कोर्सच्या ट्रेनर बाईने संतापून विचारलं, गुहेत कोण घेऊन गेलं हिला? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "मी."

का म्हणालास? मी विचारलंच होतं तुला, गाडीत. "अगं, तू चार दिवसांची पाहुणी. आईला कळलं तर ती जन्मभर तुला ऐकवेल. माझं काय, मी निस्तरतो." आणि तेव्हा मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं. भाऊ कानाला कापूस लावून गाडी चालवतोय, आणि मला हायसं वाटलं!

घरी आई तुला म्हणाली, "सख्ख्या भनीला मारायला नेलं व्हतंस का रं?" तू खाली बघून हसलास. मी शेजारी उभी होते. घोट घोट पाणी पीत.

कधी कधी तुझा रागही येतो मला. एवढं मोठेपण घ्यायला तुला सांगितलं कुणी होतं? आणि घेतलंस ते घेतलंस, वर दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या निघून गेलास. एकेचाळीस हे काय हार्ट अटॅकचं वय आहे? मला वाटायचं, सांगू कधीतरी. राखी पौर्णिमेला सांगू, तुझ्या वाढदिवसाला सांगू. घाई काय होती? तू होतासच की!

रविवारनंतर तीन दिवस झोप लागली नाही. बुधवारी शाळा सुटल्यावर बस बदलत बदलत तुमच्याकडे गेले. रूपाली नुकतीच कामावरून आली होती. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या दिवसानंतर सईला एकटं त्यांच्याबरोबर कुठेही पाठवलं नाही मी. पोहायच्या टँकवरसुद्धा नाही. 'मी शिकवतो' म्हणायचे, तर मी क्लास लावला. ते बाहेर बाकावर बसून राहायचे. तुम्ही बघितलंय, ताई. तुम्हीही यायचात की."

बघितलं होतं, विजू. त्या बाकावर तुझ्या शेजारी बसून मी शेंगदाणे खाल्लेत.

"रूपाली, मला माफ..."

"आत्ता तुम्ही जा," ती म्हणाली. "अपमान करायचा नाहीये मला. पण जा."

लिफ्टपाशी सई आली. आतल्या खोलीतून तिने सगळं ऐकलं होतं. "रविवारी का नाही सांगितलंस?"

"भित्री आहे म्हणून."

तिने विचारलं, "बाबा घाबरले होते का तेव्हा?"

मी आठवून सांगितलं. पाण्यात तुझा हात अजिबात कापला नाही. बोटीवर चढल्यावर मात्र इतका थरथरत होतास की, तुला स्वतःचा पट्टा सोडवेना. सई जवळ आली नाही. पण खाली उतरून रिक्षा मिळेपर्यंत माझ्याबरोबर उभी राहिली.

तिला डायव्हिंगला पाठवायचं की नाही, ते रूपाली ठरवेल. त्यात बोलायचा अधिकार मी गमावलाय. रूपाली मला पुन्हा जेवायला बोलावेल का, तेही माहीत नाही. नाही बोलावलं तर तक्रार करणार नाही.

आई राहिली आहे. येत्या रविवारी लोणीला जाणार आहे. तिला आता फार कमी ऐकू येतं, म्हणजे ओरडून सांगावं लागेल. शेजारपाजारचे ऐकतील, भावकी गोळा होईल. होऊ दे! गुहेत मी गेले होते आणि विजूने मला बाहेर काढलं, हे तिला नीट ऐकू जाईपर्यंत ओरडेन. शब्द देते तुला.

तुझी,
तायडी