माडाला लावलेला कान

आचरा,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय ह्युबर्टा,

इथं आम्ही दोघं ठीक. मथुरेचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत आहे. तुझी लेक वेनेसा रविवारी आली. तुझं घर उघडून झाडलंन, मडगावात तुझी तब्येत सुधारल्याचं सांगितलंन, आणि तुझा निरोपही दिलान. निरोपाकडे मी येतोच. आधी एक गंमत ऐक.

मी एक यंत्र केलंय. एकच ट्रान्झिस्टर, तीन पायांचा, तुरीच्या दाण्याएवढा. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक चौकोनी बॅटरी. बिघडलेल्या घड्याळाच्या गजरातली पितळी चकती काढून तिला वायर जोडली. ही चकती म्हणजे कान. तिला जी थरथर लागते ती ट्रान्झिस्टर मोठी करून इअरफोनात सोडतो. कशी म्हणशील, तर नळाची तोटी बघ. करंगळीनं फिरवायची, पाणी येतं ते वरच्या टाकीतलं. करंगळी म्हणजे चकतीचा आवाज, टाकी म्हणजे बॅटरी. रेडिओ उघडत हयात गेली माझी, पण हे कोडं असं हातात धरून कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा नुसती भुणभुण. घरातल्या विजेची. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, तेव्हा गप्प झाली. मग चकतीवर एक मुंगळा चढला, आणि ह्युबर्टा, बूट घालून जिना चढावा तसा आवाज! मी खुळावलोच. तांदळाच्या डब्याला चकती लावली तर आत तांदूळ पोखरणारे टोके ऐकू आले. मथुरेला हाक मारली.

"टोके माका डोळ्यांनी दिसतत," ती म्हणाली. "तेंका ऐकूक कित्या व्हया?"

पण माझ्या डोक्यात तोच किडा शिरला. तांदळातला टोका ऐकू येतो, तर माडातला सोंड्या भुंगा का नाही? त्याची अळी आत बसून गाभा खाते, आणि बाहेर कळतं तेव्हा माड गेलेला असतो.

म्हणून चकती घेऊन आपल्या दोन आवारांमधल्या दगडी गडग्याकडे गेलो.

आता तुझ्या लक्षात आलं असेल. त्या गडग्याच्या दोन बाजूंना दोन माड. एक तुमच्या सोकोरोनं लावलेला, एक आमच्या मथुरेनं, एकाच सकाळी. सोकोरो देवाघरी गेली, तू लेकीकडे मडगावला गेलास, आणि मे महिन्यात तुमच्या माडाची झावळं पिवळी पडली. मी तुला फोनवर म्हटलं, तुझ्या माडात भुंगा शिरलाय, पाडून टाक, नाहीतर माझाही जाईल. तू म्हणालास, "तो सोकोरोन लावलेलो. तेका कुऱ्हाड लागली तर माका लागली." तेव्हापासून माझा फोन तू घेत नाहीस. आणि आता एवढ्या महिन्यांनी वेनेसाकडून निरोप: "गुरुदासाक सांग, गुरुवारी माणूस बोलावन माड पाड. होवंदे एकदा तेचा समाधान."

निरोप ऐकून मला जेवण गेलं नाही. म्हटलं, आधी ऐकू तरी.

पहिल्यांदा तुझ्याच माडाला चकती लावली. कुरकुर आली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. बघ, माझंच खरं! मग लक्षात आलं, चकती मी हातानं दाबून धरली होती. ती माझ्याच बोटांची कुरकुर. सुंभानं घट्ट बांधली, हात काढला, आणि पुन्हा कान दिला.

काही नाही. वारा आला की वरून खाली एक लांब घूं उतरायचा, बस्स. बुंध्याशी ऐकलं, शिडी लावून वर ऐकलं. मथुरा पडवीतून ओरडली, "माडाक खोकलो झालो काय? डॉक्टरासारखी नळी लावन बसलात ती!"

मग उगाच, ताडून बघायला, आमच्या माडाला बांधली.

ह्युबर्टा, कोणी ओल्या खोबऱ्याची कातळी कचाकचा चावत असावं तसा आवाज. थांबायचा, पुन्हा सुरू. झावळं हिरवीगार, नारळ लगडलेले, आणि आत जेवणावळ. नारळ काढणाऱ्या सिद्धेश पाडेल्याला वर चढवलं. त्यानं मधली कोवळ्या पानाची सुरळी ओढली. "काकानू, हातात इली," तो म्हणाला. मुळाशी कुजलेली होती. आता औषधाचाही उपयोग नाही.

तुझा माड पिवळा का, हे कळायला यंत्र नको होतं. घर बंद, मग त्याला पाणी कोण घालणार? गडग्याच्या अलीकडे माझा पाइप रोज चालू होता.

मथुरेला कसं सांगू कळेना. तिनंच इअरफोन मागून कानात घातलान. बराच वेळ ऐकलंन. मग काढून माझ्या हातात दिलान आणि म्हणाली, "माझो पाडा. सोकोरोचो ठेवा. ती आता परत लावूक येवची नाय."

तेव्हा तुझा निरोप मी मोडतोय. गुरुवारी सिद्धेश येईल, आमचा माड पाडेल, आणि भुंगे उडायच्या आत गाभा जाळू. तरी एखादा तुझ्याकडे वळेलच. आता तुझ्या माडाला रोज कान लावायला हवा.

त्याची ती शांतता तुला फोनवर ऐकवावी असं मनात आलं होतं. पण एका ट्रान्झिस्टरला स्पीकर ओढवत नाही. तो एका वेळी एकाच कानाला पुरतो. ऐकायचं तर माडापाशीच यावं लागतं. मी खुर्ची ठेवलीय तिथं. डबा तुझ्या हातात देईन आणि तू ऐकशील तोवर गप्प राहीन. मथुरा राहील की नाही, ते सांगवत नाही.

वेनेसा उद्या सकाळी निघतेय, पत्र तिच्याकडे देतो. पाइप आज गडग्यावरून पलीकडे टाकलाय.

तुझ्या माडाला पाणी घालणारा,
गुरुदास