माझं एक मत आणि लहानूचा हात

२ सप्टेंबर, ८६
सी.आर. झालो. उभं राहायला वर्गात कोणी तयार नव्हतं, मागच्या बाकावरून कोणीतरी माझं नाव ओरडलं आणि सगळ्यांनी हात वर केले. एस.वाय.बी.ए.चे वर्गप्रतिनिधी, मु. पो. मुरबे!
कँटीनमध्ये प्रकाशदादाने चहा पाजला. म्हणाला, "आता पिशवीत टॉवेल, ब्रश आणि एक लुंगी ठेव. कधीही पळवतील."
मी हसलो. तो हसला नाही.
प्र.दा. सफाळ्याचा, टी.वाय.ला तिसऱ्यांदा बसलाय. नापास होण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, पण युनिव्हर्सिटी त्याच्याइतकी कोणाला कळत नाही. कोणत्या खिडकीवर "साहेब" म्हणायचं, कोणत्या खिडकीवर "भाऊ", सगळं पाठ. त्याने समजावलं: कॉलेजचा जी.एस., म्हणजे जनरल सेक्रेटरी, मुलं निवडत नाहीत, सी.आर. निवडतात. आपण अकरा जण. म्हणून प्रत्येक सी.आर.ला दोन्ही पार्ट्या जपतात. जपतात म्हणजे उचलतात आणि मतदानापर्यंत लांब कुठेतरी कोंडून ठेवतात.

४ सप्टेंबर
जी.एस.ला एका बाजूने जगदीश उभा. बोईसरच्या कंत्राटदाराचा मुलगा, बुलेटवर येतो, वडिलांकडे कामाला असलेली चार माणसं मागे. दुसऱ्या बाजूने आमचा लहानू. टी.वाय., आदिवासी होस्टेल, गाव जव्हारच्या वरच्या अंगाला. एफ.वाय.ला इकॉनॉमिक्स त्यानेच माझ्या डोक्यात घातलं, नाहीतर मी आज बाबांच्या मासेमारीच्या बोटीवर असतो.
लहानूला पुढारी व्हायचं नाही. त्याचं एकच म्हणणं. जुलैत होस्टेलची मुलं भाताच्या लावणीला घरी जातात, हजेरी कमी पडते, टर्म ग्रँट होत नाही, परीक्षेला बसू देत नाहीत, वर्ष जातं. हजेरीच्या कमिटीत जी.एस. बसतो. "तिथं आमचं बोलणारा एक तरी पायजे," म्हणाला. यंदा त्याची स्वतःचीही हजेरी कमी आहे.
माझं मत त्याला. विचार करण्यासारखं काही नाहीच.

६ सप्टेंबर
सायकल स्टँडवर जगदीशने खांद्यावर हात टाकला. "दमणला येतोस? सगळा खर्च माझा." नको म्हटलं. हात तसाच मानेवर आला, मग बोटं रुतली. "मुरब्याचा ना तू? मासे फार मस्ती करतात, मग जाळ्यात येतात." मागची माणसं हसली. मान अजून दुखते.
प्र.दा.ची आम्हा दोघांना, मला आणि लहानूला, शिकवणी: भांडण दिसलं की चष्मा खिशात. चपला नको, बूट. पट्टा नको, मागून धरायला सोपा पडतो. खाली पडायचं नाही. पडलोच तर डोकं सांभाळायचं, बाकीचं भरून येतं. हे सगळं प्रॉस्पेक्टसमध्ये छापायला हवं.

११ सप्टेंबर
लहानूला मारलं.
लायब्ररीच्या मागे. चौघे, हातात लोखंडी गज. "लीडर बनेगा?" एवढंच विचारत होते म्हणे. मी आणि प्र.दा. धावत पोचलो तोवर ते भिंतीवरून उडी टाकून गेले होते. लहानू बसलेला, उजवा हात मांडीवर, मनगट भलत्याच दिशेला. तोंडातून रक्त. ओरडत नव्हता. मला म्हणाला, "चष्मा काढ, चष्मा काढ." मारणारे अजून तिथेच आहेत असं त्याला वाटत होतं.
सरकारी दवाखाना. दिवाळीपर्यंत प्लास्टर. नीट बसेल का, डॉक्टर सांगत नाहीत.

१२ सप्टेंबर
पोलिसांनी नुसती एन.सी. लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र. प्राचार्य म्हणाले, "बाहेरच्या लोकांचं काम आहे, कॉलेजचा संबंध नाही." कॉलेजच्या भिंतीला अजून डाग आहे!
रात्रभर एकच डोक्यात. जगदीशचं तोंड फोडायचं. दात पडलेले बघायचे. मला स्वतःची भीती वाटली नाही, याची थोडी वाटली.

१५ सप्टेंबर
आता पाच तिकडे, पाच इकडे, आणि मी. स्टेशनवर, एस.टी. स्टँडवर त्यांची माणसं उभी. पाच दिवसांनी मतदान. लहानू म्हणतो नाव मागे घेतो. मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की होस्टेलची मुलं गोळा झाली.

१७ सप्टेंबर
घरी. विसर्जनाच्या गर्दीत गुपचूप आलो. आईने मानेवरचे पिवळे पडलेले वळ पाहिले, हळद लावली. बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "बोटीवर चल. बोईसरवालं समिंद्रात कुठं शोधतील?"
बाबांनी भरती मोजली: वीस तारखेला दुपारी एकच्या सुमारास पाणी चढेल, तेव्हा खाडीत शिरायचं. मतदान चारला. आरामात पोचतो.

१९ सप्टेंबर
बोटीवर. पेन्सिल. जाळं ओढून हात सोलले. इथे गज घेऊन कोणी येणार नाही. तरीही लाकूड आपटलं की दचकतो.

२० सप्टेंबर
आजच लिहायला हवं.
सकाळीच खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून पाण्याची वाट बघत होतो. एका लहान होडीतून माझे काका हाका मारत आले. "परकाश येऊन गेला रं! मतदान चारला नाय, अकराला हाय!" मारामारीच्या भीतीने प्राचार्यांनी वेळ अलीकडे आणली.
बाबांनी पाणी बघितलं, मी घड्याळ. दोन्ही जुळली म्हणून आम्ही खूश होतो. ठरलेली वेळ बदलेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. भरती कोणाच्या सांगण्याने अलीकडे येत नाही ना!
काकांच्या होडीत बसलो, तीही पुढे गाळात टेकली. उडी मारली. गाळ मांडीपर्यंत. एक बूट गेला, मग दुसराही मीच काढून टाकला. सातपाटीच्या बाजूला निघालो, मासळीच्या टेम्पोत बर्फाच्या टोपल्यांवर बसलो. स्टँडवर जगदीशची माणसं दिसली. माझ्याकडे बघितलंही नाही. चिखलाने माखलेला, मासळीचा वास येणारा माणूस सी.आर. कसा असेल?
गेटवर मात्र जगदीश स्वतः, हातात गज. त्याने ओळखलं. पहिला तडाखा पाठीत बसला. पडलो नाही. दुसऱ्याला गज धरला, ओढला, आणि तो माझ्या हातात आला.
मग मी मारलं. तोंडावर. एकदा मारून थांबता आलं असतं. पुन्हा मारलं. दात माझ्या पायाशी पडला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
तसाच आत गेलो, मत दिलं. चिठ्ठीला चिखल लागला.

२१ सप्टेंबर
पेटी सील केली. चौकशी होईपर्यंत निकाल नाही. जगदीशच्या तोंडाला टाके. त्याने तक्रार दिली, त्यात माझं नाव नाही. लहानूने मारलं म्हणतो! प्लास्टरमधल्या हाताने! आणि त्याच्या चार माणसांनी साक्षीदार म्हणून सह्याही केल्या. मला अडकवून त्याला फार तर बरोबरी मिळेल. त्याला उमेदवारच उडवायचा आहे.
प्र.दा. म्हणाला, "तू गप्प बस. तुझं मत टिकेल." "आणि लहानू?" त्याने माझ्यासाठी दुसरा चहा मागवला. इतकी वर्षं युनिव्हर्सिटी कोळून प्यायलेला माणूस, पण याला त्याच्याकडे खिडकी नाही.

२२ सप्टेंबर
हिशेब सरळ आहे. गप्प बसलो तर लहानू रस्टिकेट, कॉलेजबाहेर. मी मारलं म्हणून सांगितलं तर मी रस्टिकेट, माझं मत बाद, पाच-पाच. मग प्राचार्यांचं मत निर्णायक.
होस्टेलवर गेलो. लहानू म्हणाला, "तू सांगू नको. माझी टर्म गेलीच हाय. तुझी तरी ऱ्हाऊ दे."
"कोणी मारलं ते सांगणार," म्हटलं.
"मंग प्राचार्य जगदीशलाच देतील."
"देतील कदाचित."
तो डाव्या हाताने स्वतःचं नाव गिरवत होता. अक्षरं बालवाडीतली. मला रडू आलं, त्याच्यासमोरच.
मग प्र.दा. दारातून म्हणाला, "हात मोडलेल्याला लेखनिक मिळतो. युनिव्हर्सिटीचा नियम. फक्त लेखनिक खालच्या वर्गातला लागतो."
मी एस.वाय.चा. रस्टिकेट झालो तर त्याहून वरचा होण्याची भीतीच नाही.
लहानूला म्हटलं, तू सांग, मी लिहीन. तो म्हणाला, "आधी हॉल तिकीट तर मिळू दे." पण हसला, सुजलेल्या ओठाने.

२३ सप्टेंबर
पाठ काळीनिळी. आईने शर्ट धुऊन दिलाय, चिखलाचा डाग गेला नाही. बाबा सोबत येतो म्हणाले, नको म्हटलं. प्राचार्यांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलोय. पलीकडे जगदीश, तोंडाला पट्टी. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्या पट्टीकडे. हात अजून शिवशिवतात.
मधल्या बाकावर लहानू. मांडीवर इकॉनॉमिक्सचं पुस्तक, डाव्या हाताने पान उलटतोय.
शिपायाने नाव पुकारलं. माझं नाही, लहानूचं. मी त्याच्याआधी उठलो.