क्लचचा पाय

रविवार, ३ नोव्हेंबर

चि. खटपटी हिला बाबांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत. आईने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. हे तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय, तेव्हा तुला माहीत नाही असं समज.

बाईसाहेबांचीही तब्येत ठीक. चाळिशी उलटलेली इटालियन गाडी, दोन दारांची, दोन कार्ब्युरेटरांची. थंडीत जरा कुरकुरणारच. मध्यंतरी पाण्याचा पंप बदलला. जुना गळत होता, रोज सकाळी गॅरेजच्या फरशीवर हिरवं थारोळं. मग दोन्ही कार्ब्युरेटर जुळवून घेतले. तू करायचीस तसंच: रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोघांची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. या वेळी कान आईचा होता. "हा जास्त रागावलाय," असं म्हणाली, आणि खरंच तोच बिघडला होता.

परवा एक दातांचे डॉक्टर गाडी पाहायला आले होते. सहज.

आई मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, "सहज कोण येतं? नीट लिहा."

बरं. मी जाहिरात दिली होती. बाईसाहेबांना विकायला काढलं होतं. सुटे भाग मिळवता मिळवता नाकी नऊ येतात, आणि गॅरेजही मोकळं होईल, असं आपलं…

आई अजून मागेच आहे.

तर ऐक. उन्हाळ्यात फोनवर मी "पाठ धरलीय" म्हणालो होतो. ती नुसती धरली नव्हती, कण्यातली नस दबली होती. ऑपरेशन झालं. तू तेव्हा त्या शर्यतीच्या गाडीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेली, म्हणून आईला मीच गप्प बसवलं. तिच्यावर रागावू नकोस. पाठ बरी झाली, डावं पाऊल मात्र रुसलं ते रुसलंच. चालताना बोटं जमिनीला अडकतात म्हणून बुटात प्लास्टिकची पट्टी घालतो. पट्टी आणि काठी घेऊन मी गावभर हिंडतो. पण पाऊल पेडलवर आहे की बाजूला, हे मला पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि हे कळलं ते चौकात. सिग्नलला क्लच दाबून थांबलो होतो. पाऊल कधी सटकलं, पत्ता नाही. गाडीने उडी मारली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंच्या बाबागाडीपासून हातभर अंतरावर बंद पडली. कुणाला काही लागलं नाही. त्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. तिथून गाडी शेजारी बसलेल्या आईने घरी आणली. तिला तिच्या छोट्या गाडीची सवय, त्यामुळे वाटभर गिअरचा खडखडाट. मी एका शब्दाने बोललो नाही. यावरून काय ते समज.

दुसऱ्याच दिवशी जाहिरात दिली.

डॉक्टर माणूस भला. कपड्यांची पर्वा न करता गाडीखाली शिरले, बॅटरी मारून सगळं पाहिलं. "कमाल आहे! एक भोक जास्तीचं नाही, एक स्क्रू परका नाही. इतकी अस्सल गाडी आता बघायला मिळत नाही हो." माझी छाती फुगली.

मी विचारलं, "कुठे कुठे हिंडवणार हिला?"

"हिंडवणार?" ते हसले. "छे छे! एसी लावलेल्या हॉलमध्ये ठेवणार. बाकीच्या गाड्याही तिथेच आहेत. रस्त्याची धूळ लागू देणार नाही, निश्चिंत राहा."

मला आनंद व्हायला हवा होता. बाईसाहेबांच्या अंगाला ड्रिल लागायचं नाही, हे माझंच पालुपद. तू नवा गिअरबॉक्स, मोठे ब्रेक सुचवायचीस आणि मी कानावर हात ठेवायचो. पण त्या हॉलमध्ये ती मुकाट उभी आहे असं डोळ्यांपुढे आलं, आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

आई ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, "गाडी विकायची नाही."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे.

"अगं, जाहिरात दिलीय मी."

"दिली असेल. अहो, तुमच्या पाठीत स्क्रू बसवले, बुटात पट्टी घातली, बाथरूमच्या भिंतीला दांडी ठोकली. तुम्ही अजून अस्सलच आहात ना? मग तिचंच कसलं एवढं सोवळं?"

डॉक्टर खो खो हसले. "वहिनी, मी कवळ्या बसवून जगतो. माझ्यापुढे हे बोललात, आता मी काय बोलणार?" असं म्हणून त्यांनी आणखी एक कप मागून घेतला.

तेव्हा आता कामाचं बोलतो. क्लच हाताने चालवायची सोय करता येते म्हणे. तुझा तर धंदाच तो. पत्र्याला भोकं पाडावी लागली तर पाड. पण तूच पाड, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही.

सवडीने ये.

तुझा,
बाबा


शनिवार, १ फेब्रुवारी

चि. खटपटी,

तू गेलीस आणि गॅरेज भलतंच नीटनेटकं दिसायला लागलं. अजिबात करमत नाही.

तू ड्रिल लावलंस तेव्हा मी बागेत पाणी घालायला गेलो होतो, कारण तो आवाज मला ऐकवला नसता. आईने मात्र सांगितलं, की तूही ड्रिल हातात धरून बराच वेळ तशीच बसली होतीस. मग बरं वाटलं.

गिअरच्या दांड्यावरची क्लचची ती चिमुकली पट्टी आता हाताच्या सवयीची झालीय. पहिले काही दिवस बेडकासारख्या उड्या मारल्या. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायची. आता बोटं हळूच सैल केली की बाईसाहेब अलगद निघतात. काल टेकडीचा चढ चढलो, वळणावर दुसरा गिअर टाकला, आणि इंजिन असं गायला लागलं म्हणून सांगू! आई म्हणाली, "हसताय काय एकटेच?" मी हसतोय हे मला ठाऊकच नव्हतं. खालचं पेडल तू आईसाठी तसंच ठेवलंस, ते फार शहाणपणाचं केलंस. स्टेशनवर हे सांगायचं होतं, पण तिथे मी तुला रेल्वेचं वेळापत्रकच सांगत बसलो.

आता एक बातमी. आईलाही मी आत्ताच, स्वयंपाकघरात जाऊन सांगितली, आणि लगेच तुला लिहायला बसलो. टेकडीवरून उतरताना उजव्या तळपायाला, म्हणजे ब्रेकच्या पायाला, मुंग्या आल्या. फार नाही. पाऊल कुठे आहे ते नीट कळत होतं. तरी घरी आल्यावर चावी आईच्या हातात दिली. पाठीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मंगळवारी बोलावलंय. जे निघेल ते त्याच दिवशी फोन करून जसंच्या तसं सांगीन. काही नसेलही. असलं तरी बाईसाहेब आता कुठे जात नाहीत. आई चालवील, मी शेजारी बसून तिच्या गिअरवरून भांडेन, आणि ती मला वाटेत उतरवून देईल.

भीती वाटतेय गं थोडी. हे लिहायला इतका वेळ लागला, की शाईचा डाग पडलाय बघ वर.

मंगळवारी येता आलं तर ये. गाडीचं काही काम नाही. नुसती ये.

वाट पाहणारा,
बाबा